शेंगांचं पथ्य

९ जानेवारी

लेसी सैन्यात जाणार म्हणते! तव्यावर अंडी फोडता फोडता सांगितलं, मीठ संपलंय म्हणावं तसं.

मी म्हटलं, तुला शेंगदाण्याचं वावडं आहे, ते घेत नसतात. "सूट मागता येते, डॅडी. डॉक्टरांसमोर दाणे खाऊन दाखवायचे. काही झालं नाही, तर कागद वर पाठवतात."

खाऊन दाखवायचे! तीन वर्षांची होती तेव्हा एक दाणा तोंडात टाकला होता. ओठ निळे पडले होते. तिची आई तेव्हा होती, तिने अँब्युलन्स बोलावली. त्याच वर्षी मी भुईमूग बंद केला. आजोबांपासूनचं पीक! सगळ्या रानात कापूस लावला. जॉर्जियाच्या या कोपऱ्यात भुईमूग न लावणारा शहाणा मी एकटाच. शेजारी शेंगा काढतात, तेव्हा तिच्या खोलीची खिडकी अजून बंद असते.

११ जानेवारी

देवाकडे मागितलं – तिला काही होऊ नये, पण सैन्याकडून नकार यावा. लिहितानाही लाज वाटते. पण ती गेली तर या घरात राहिलं कोण?

३० जानेवारी

आधी कणभर. मग अर्धा दाणा. मग मूठभर. वावडं उठलं की लगेच टोचायचं ते इंजेक्शनचं पेन मी मुठीत धरून बसलो होतो. ते सदैव माझ्या शर्टाच्या खिशात असतं. लेसी म्हणाली, "डॅडी, श्वास घ्या. परीक्षा माझी आहे."

काही झालं नाही! डॉक्टरीण म्हणाली, वावडं गेलंय, कदाचित फार पूर्वीच. लेसी हसत होती आणि डोळे पुसत होती. "एवढीच चव? आणि मी काय काय समजत होते!"

मी आनंदलो. अगदी खरं. आणि परत येताना गाडी मुद्दाम हळू चालवली.

१८ फेब्रुवारी

कागद वर गेलेत. ती पहाटे मातीच्या रस्त्यावर धावते. मी कुंपण दुरुस्त करायचं सोंग करून बघत उभा राहतो. कुंपणाला काही झालेलं नाही.

२७ मार्च

नकार आला. लहानपणीचा तो झटका फार मोठा होता म्हणे.

देवाने ऐकलं.

ती रडली नाही. घासलेली भांडी पुन्हा घासली. मग म्हणाली, "ठीक आहे, डॅडी. कापसाला तुम्हाला माणूस लागेलच." मला बरं वाटावं म्हणून बोलली! हवं ते मिळालं आणि मी ताट तसंच सरकवलं.

२८ मार्च

सकाळीच म्हटलं, बूट घाल. सैन्य नाही तर नौदल. त्यांचे डॉक्टर वेगळे, त्यांचा निर्णय वेगळा. विचारायला काय जातंय?

वाटेत हॉयटच्या टपरीवर थांबलो. उकडलेल्या शेंगांचा झारा त्याच्या हातातून पडायचा राहिला. "रॉयस, तू? शेंगा? ताप आलाय का तुला?"

"मोठी पिशवी दे. गरम. आणि तोंड बंद ठेव."

नौदलाच्या कचेरीत त्या पोरगेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर ओली पिशवी ठेवली. म्हटलं, लेसी, खा. ती कुजबुजली, "डॅडी, काय लाज आणता!" पण खाल्ल्या. टरफलांचा ढीग झाला. मग अधिकाऱ्यानेही एक उचलली. "असल्या खाऱ्या शेंगा माझी आजी करायची. साहेब, याने काही सिद्ध होत नाही. पण डॉक्टरांचा अहवाल द्या, मी पाठवतो."

परतताना उरलेल्या शेंगा आम्ही दोघांनी संपवल्या. इतक्या वर्षांनी! बोटं चाटली मी.

६ मे

मंजूर!! लेसी पायऱ्यांवर उभी राहून ओरडत होती. मी तिला उचललं, माझी कंबर लचकली. मग गोठ्यामागे गेलो आणि पोटभर रडलो.

२७ मे

बस सकाळची होती. मिठी मारताना तिने माझ्या खिशातलं पेन चाचपलं. "आता हे कशाला, डॅडी?" म्हटलं, राहू दे, सवय आहे.

३० मे

आज भुईमूग पेरला. थेट तिच्या खिडकीपर्यंत.