आधी लेखाकडे पाठवा

दुबई, मंगळवार

प्रिय खलफ,

सलाम. तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा तुझ्या गुडघ्याचं विचारून ठेवून दिला. म्हणून कागद घेतला. उद्या आपल्या गावचा अशरी सुट्टीवर निघतोय, त्याच्या हाती देतो. शुक्रवारच्या आत तुला मिळायलाच हवं.

परवा तू म्हणालास, "शुक्रवारी गिऱ्हाईक येतंय, आपल्या आईची खजुराची बाग देऊन टाकतो. सगळे पैसे त्या नव्या क्रिप्टोच्या नाण्यात घालणार. तू एवढी वर्षं दुबईत राहून कोरडाच की रे!" मी हसलो. हसायला नको होतं.

माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही. फोनवर तुम्ही बातम्या वाचता, त्यांच्या खाली बातमीसारख्याच दिसणाऱ्या जाहिराती असतात. त्यातल्या क्रिप्टोच्या जाहिराती आमच्याकडे येतात. कुणी बोट ठेवलं की त्याला कुठल्या पानावर न्यायचं, ते मी ठरवतो. थेट नाण्याच्या पानावर नेलं तर लोक बिचकून पळतात. आमचा साहेब तामर कैरोचा, वयानं माझ्या पुतण्याएवढा. म्हणाला, "हाजी, तू पक्का सईदी, दक्षिण इजिप्तचा गावकरी. तुमची डोकी कुठं अडकतात, तूच सांग." मी म्हणालो, आधी लेखाकडे पाठवा.

खलफ, तेव्हा मनात पाप नव्हतं. वाटलं, लोक शेवटपर्यंत वाचतील, तळाशी धोक्याची ओळ आहे ती पाहून मागे फिरतील. लेखही मलाच लिहायला लावला. एका गावातल्या मास्तराची गोष्ट. त्यात मी घातलं की मास्तरांनी आधी इस्तिखारा केला, दोन रकात नमाज पढून अल्लाहचा कौल मागितला, मगच पैसे घातले. वाचणाराही थांबेल, कौल मागेल, असं मला वाटलं. आणि तोच लेख वाचून तू फोनवर काय म्हणालास? "मास्तरानं कौल घेतलाय, मी परत कशाला मागू? दोनदा विचारलं तर वरचा रागावेल!"

सगळ्यांनी तेच केलं. आपल्याकडच्या सोहाग आणि किना जिल्ह्यांतून एवढे लोक आले की तामरनं मला मिठी मारली. मी म्हटलं, ते पान काढून टाकू. तो हसला, "काढ की. आणि जाताना विमानाची खिडकीची जागा माग." इथला राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला, नोकरी गेली की देश सोडायचा. लेक इनासचं शाळेचं शेवटचं वर्ष. मी पान तसंच ठेवलं. रोज सकाळी गर्दी त्याच लेखाकडे वळवतो आणि दुपारी नमाजाला उभा राहतो. शेवटी उजवीकडे-डावीकडे सलाम फेरताना मान वळते, मन वळत नाही.

तो मास्तर कुठंच नाही, खलफ. कौल कुणीच मागितला नाही. ते सगळं मी ऑफिसात चहा पीत एका दुपारी लिहिलं. बाग देऊ नकोस. लेखाखालच्या अर्जावर तू नंबर दिला आहेस, तो मी आमच्या यादीत पाहिला. नाणं विकणाऱ्यांचा गोड बोलणारा माणूस फोन करील, उचलू नकोस. आणि असरच्या नमाजानंतर मशिदीच्या ओट्यावर तू तो लेख सगळ्यांना वाचून दाखवलास म्हणालास. तिथंच, त्याच लोकांपुढं, हे पत्रही मोठ्यानं वाच. माझं नाव गाळू नकोस.

तुझाच,
रिफअत