निरोगी म्हणून निवडलेलं झाड

नागपूर
२८ जून १९८८

प्रिय दादा,

गेल्या सोमवारी तू प्रयोगशाळेच्या जिन्यावरूनच परत फिरलास. चहासुद्धा घेतला नाहीस. "झाड पाह्य कसं डवरलं हाये, अन् तू त्याले रोगी म्हनतं? बापाच्या हातच्या झाडाले? नानाजीच्या झाडाले?" एवढं बोललास आणि गेलास. तुझ्यामागे धावले असते, तर तू चौकात सगळ्यांसमोर आणखी काही बोलला असतास, म्हणून जिन्यातच उभी राहिले. तेव्हा सांगायचं राहिलं ते आता लिहिते. रागात वाचलंस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

आम्ही ज्याच्या मागे आहोत तो ट्रिस्टेझा नावाचा विषाणू. संत्र्या-लिंबाची काही झाडं त्यानं वाळतात, तर काही त्याला अंगात बाळगून वर्षानुवर्षं हिरवीगार राहतात, फळही देतात. डोळ्यांना फरक कळत नाही, आणि मावा नावाची कीड तो रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेत राहते. या विषाणूची सगळी ओळख आरएनएच्या एका लांब धाग्यावर असते. त्या धाग्याच्या एका तुकड्याशी नेमका जुळेल असा उलट धागा आम्ही तयार केला आणि त्यात किरणोत्सारी फॉस्फरस घातला. यालाच प्रोब म्हणतात. पानाचा रस कागदावर ठिपक्यासारखा टाकायचा, वर प्रोब सोडायचा आणि मग धुवायचं. विषाणू असला तर प्रोब त्याला धरून राहतो आणि एक्स-रेच्या फिल्मवर काळा ठिपका उमटतो. नसला तर जागा कोरी.

पण प्रोब खरं बोलतो की खोटं, हे ठरवायला एक पक्कं निरोगी झाड लागतं. त्याची जागा कोरीच यायला हवी. असं झाड कोणतं, हे मला विचारलं तेव्हा मी पटकन नानाजींचं झाड सांगितलं. विहिरीजवळचं. त्याचेच डोळे काढून आपण जंबेरी लिंबाच्या खुंटावर भरतो, आणि 'नानाजींची कलमं' म्हणून पार वरुडापासून लोक न्यायला येतात. माझ्या डोक्यात दुसरं झाड आलंच नाही.

फिल्म उजेडात धरली आणि नानाजींच्या झाडाची जागा काळीभोर. मला हसूच आलं. वाटलं, प्रोब बिघडला, झाडाच्या स्वतःच्याच आरएनएला चिकटतोय. म्हणून विषाणूचा दुसरा तुकडा निवडून नवा प्रोब बनवला. जास्त गरम पाण्यात धुतलं, म्हणजे अर्धवट जुळलेलं काही टिकायला नको. बीपासून वाढवलेली रोपं शेजारी ठेवली, कारण बियांतून हा विषाणू जात नाही. ती रोपं कोरी आली. नानाजींचं झाड पुन्हा काळं. मग उन्हाळ्यात तू स्वतः तोडून दिलेली कलमांची पानं लावली. तीही बहुतेक काळी. दादा, त्या दिवसांत मी देवाजवळ एकच मागत होते, की माझं काम चुकलेलं निघू दे.

आमचे प्रमुख मधुकरराव भले माणूस आहेत. ते म्हणाले, "हे झाड आपण फक्त तुलनेसाठी घेतलं होतं. अहवालात त्याचं नाव नसलं तरी काही अडत नाही." खरंच अडलं नसतं. मी घरी आले, स्वयंपाक केला, जेवले नाही. दुसऱ्या दिवशी तुला बोलावून घेतलं.

शनिवारी नानाजी आले. एकटेच, बसनं. तुला त्यांनी इतवारीच्या बाजारात भांडी घ्यायला जातो असं सांगितलं होतं ना? ते थेट माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मले ते फिलम दाखव वं, गोपे." मी खिडकीशी धरून दाखवली. त्यांनी विचारलं, "माह्या झाडाचा ठिपका कोनता?" मी बोट ठेवलं. त्यांनीही त्यावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "बाजूच्या भैय्याजीचं लिंबू वाळलं. मावा माह्याच बगीच्यातून गेला असन काय?" नक्की सांगता येणार नाही, पण जाऊ शकतो, असं मी म्हटलं. कागदी लिंबाला हा रोग लवकर मारतो. नानाजी खाली बसले. "अन् मी त्याले दरसाल सांगत होतो, पानी चुकून राहिलं तुह्यं."

मग मीच त्यांना एक गोष्ट सांगितली, ती तुलाही सांगायची होती. कोवळ्या फुटव्याच्या अगदी टोकाशी विषाणू सहसा पोचत नाही. ते टाचणीच्या टोकाएवढं कापून बीच्या रोपावर बसवायचं. पुष्कळ मरतात. एखादं जगलं आणि प्रोबखाली कोरं आलं, तर झाड तेच, पण रोगाशिवाय. दोन-तीन वर्षं जातील आणि जमेलच असंही नाही. नानाजी म्हणाले, "मंग लाव ना. काहून थांबली?"

अहवालात झाडाचं नाव मी घातलं आहे. पण त्याच्यासाठी हे पत्र नाही. शुक्रवारी कलमं न्यायला गाड्या येणार, हे नानाजींना ठाऊक आहे. गुरुवारी संध्याकाळी त्यांना घेऊन मी गावी येते. शुक्रवारी फाटकात उभं राहून ते प्रत्येकाला सांगणार आहेत, की माझं झाड रोगी आहे, कलमं मिळणार नाहीत, ती आज जाळायची आहेत. मी खूप समजावलं, ऐकत नाहीत. तुला मात्र ते स्वतः सांगू शकत नाहीत. मुलासमोर हे तोंडातून निघत नाही म्हणतात. तुला नुसता थांबल्याचा निरोप धाडून चार दिवस माझ्याकडे राहिलेत ते त्यासाठीच. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र वहिनींच्या भावाच्या हाती देते आहे. दादा, त्यांचं वय झालं आहे, आणि त्या गाड्यांतून येणारे लोक त्यांना हात जोडत आले आहेत. शुक्रवारी फाटकात त्यांच्याआधी तू उभा राहा.

तुझीच,
गोपिका