लाल झेंडा कुणाच्या हातात

८ फेब्रुवारी, रविवार

धर्मादादाला गाडीने उडवलं. आमच्याच शर्यतीत. माझ्या डोळ्यांसमोर — म्हणजे कंट्रोल रूमच्या पडद्यावर.

आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच वाटेल की मी चुकीचं ऐकलं.

शिवडीच्या बंदराकडच्या रस्त्यांवर सुप्रीम सिरीज या मोटारशर्यतींची मुंबईतली पहिली फेरी. सगळं छान चाललं होतं. सहा नंबरच्या वळणावर एक गाडी भिंतीला घासली आणि तिचा पुढचा पंख तुटून रस्त्याच्या मधोमध पडला. त्या वळणावरच्या झेंडेवाल्यांचा, म्हणजे मार्शलांचा, मुख्य धर्मादादा. वॉकीटॉकीवर त्याचा आवाज — "कंट्रोल, लाल द्या. तुकडा मोठा हाय. लाल द्या."

लाल झेंडा लागला की सगळ्या गाड्या थांबतात, मगच माणूस रस्त्यात उतरतो. नव्या मार्शलना पहिल्या दिवशी हेच शिकवतो आम्ही.

मी विनीत सरांकडे वळले. ते रेस डायरेक्टर, मी त्यांची डेप्युटी. म्हटलं, "सर, लाल." त्यांचं बोट बटणावर होतं. होतंच! मग त्यांनी दुसऱ्या हाताने कानातलं यंत्र दाबून धरलं, विचारात पडल्यासारखे दिसले आणि बोट उचललं.

"पिवळ्यावर चालवू." आणि वॉकीटॉकीवर — "पोस्ट सहा, जा. पटकन उचल."

पिवळ्या झेंड्यात गाड्या येतच असतात, जरा हळू. दादा गेला. पहिल्या दोन गाड्या बाजूने निघून गेल्या. तिसरी वळली तेव्हा तो तुकडा धरून वाकलेला होता.

मग लाल लागला. मग.

९ फेब्रुवारी

परळचं हॉस्पिटल. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. कंबरेचं हाड मोडलंय. शुद्धीवर नाही.

मंजुळावहिनी बाहेर बाकावर बसलेल्या. लालबागच्या बाजारात त्यांचा मासळीचा गाळा आहे, सकाळचा माल तसाच टाकून आल्या होत्या. रडत नव्हत्या. मला शेजारी बसवलं आणि शांतपणे विचारलं, "सुचित्रा, वर काचेच्या खोलीन तुमीच बसता ना? मंग थांबवलं का नाय?"

मी म्हटलं, "वहिनी, विनीत सरांचा अंदाज चुकला."

मला तसंच वाटतंय.

दादा गोदीत क्रेन चालवतो. रविवारी शर्यत असली की झेंडे घेऊन उभा. पैसे नाहीत, टोपी आणि जेवणाचं पाकीट मिळतं. आमचे सगळे मार्शल असेच — नायगाव, घोडपदेव, शिवडी, माझगाव. हौस म्हणून येतात. मीही तशीच आले होते कॉलेजात असताना. झेंडा कसा धरायचा हे मला दादानेच शिकवलं. मनगट सैल नको, म्हणायचा, डायवरला तुझा हात घाबरलेला दिसतो.

१० फेब्रुवारी

पत्रक निघालं. "मार्शलने कंट्रोल रूमच्या परवानगीशिवाय ट्रॅकवर प्रवेश केला."

तीनदा वाचलं. खाली विनीत सरांचं नाव.

११ फेब्रुवारी

सरांना दादरला गाठलं. त्यांच्या नेहमीच्या हॉटेलात, कोपऱ्यातल्या टेबलावर. समोरचं पन्हं तसंच. दाढी केलेली नव्हती. मी या माणसाला कधी दाढी न करता घराबाहेर पडलेलं पाहिलेलं नाही.

"सर, तुम्ही त्याला जा म्हणालात. मी शेजारी होते."

"हो."

"मग हे पत्रक?"

"मी लिहिलेलं नाही. माझ्याकडे सहीला आलं."

"आणि केलीत?"

पन्ह्याचा ग्लास बाजूला सारून म्हणाले, "सुचित्रा, बटणावर बोट माझं असतं. बाकी काहीच माझं नसतं."

मला कळेचना. मग सांगितलं. त्यांच्या कानात दोन लाइनी असतात. एक आमच्या मार्शलांची. दुसरी प्रमोटर कंपनीची. लाल झेंडा, वेग कमी करायला सगळ्यांच्या पुढे सोडायची सुरक्षा गाडी, शर्यत पुन्हा कधी सुरू करायची — आधी त्या लाइनीवरून होकार यावा लागतो. गेले काही सीझन असंच चाललंय.

मी शेजारी बसत होते सगळे सीझन. मला वाटायचं सर विचार करताहेत म्हणून कान धरतात.

"फेडरेशनला ठाऊक आहे?"

"त्यांनाच विचार," म्हणाले.

घरी आले तर आई जेवायची थांबलेली. "तुजा तोंड असा कित्याक जाला? कोण बोल्लो काय?" काही नाही म्हटलं.

१२ फेब्रुवारी

फेडरेशनच्या सचिव सीमा मॅडम. गिरगावात ऑफिस. नियम करायचे, अधिकारी नेमायचे ते फेडरेशनने. टीव्ही, तिकिटं, जाहिराती हे प्रमोटरने. असं मी नव्या लोकांना फळ्यावर दोन चौकोन काढून शिकवते.

मॅडमनी दार लावून घेतलं. मला वाटलं धक्का बसेल त्यांना. त्यांनी विचारलं, "चहा घेणार?"

मग म्हणाल्या, "शर्यतीचे हक्क आपण प्रमोटरला केव्हाच देऊन टाकलेत. आता आपल्याकडे शिक्का आहे. शिक्का मारायचा, कप द्यायचा, फोटो काढायचा. डायरेक्टर कोण हवा तेसुद्धा तेच सुचवतात."

"आणि नियमपुस्तकात लिहिलंय ते? रेस डायरेक्टरचा शब्द अंतिम?"

"अंतिम आहेच की. पहिला कुणाचा ते लिहिलेलं नाही."

हसल्या नाहीत, थट्टाही करत नव्हत्या. त्यांना हे इतकं सवयीचं झालंय!

१३ फेब्रुवारी

दादा शुद्धीवर आला. पहिलं विचारलं म्हणे, डायवर बरा हाय ना.

१४ फेब्रुवारी

निमेशचं बोलावणं. प्रमोटर कंपनीचा प्रमुख. लोअर परळ, वरचा मजला. माझ्यापेक्षा लहान. उठून उभा राहिला, स्वतः खुर्ची ओढून दिली. मी भांडायच्या तयारीने गेले होते. त्याने मला भांडूच दिलं नाही.

"त्या दिवशी विनीतच्या कानात मीच होतो," तो म्हणाला. सरळ. "लपवत नाही तुमच्यापासून."

"एक माणूस रस्त्यात उतरणार हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"मला एवढंच ठाऊक होतं, की लाल लागला तर शर्यत टीव्हीच्या वेळेत संपणार नाही. मी एकच वाक्य बोललो — थांबवू नका. पुढचं विनीतने ठरवलं." मग हातातला फोन टेबलावर पालथा ठेवून, "आणि मॅडम, माझ्याही फोनवर कोणीतरी असतं."

"कोण?"

सिंगापूरचा एक गुंतवणूक फंड. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ही कंपनी घेतली. सिरीज आता त्यांची.

मी विचारलं, "ते लोक आलेत कधी? शिवडीचा ट्रॅक पाहिलाय?"

"ते शर्यती बघत नाहीत," निमेश म्हणाला. "मी पासेस पाठवतो. कोणी येत नाही."

मला राग धरायला एक माणूस हवा होता. सर झाले, सीमा मॅडम झाल्या, हा झाला. आणि सगळ्यांच्या वर कोण, तर ज्यांनी एक गाडी वळताना पाहिलेली नाही ते!

निघताना त्याने सांगितलं — विनीत सर राजीनामा देताहेत. खुर्ची तुमची. बाईमाणूस रेस डायरेक्टर, आशियात पहिली, मोठी बातमी होईल. फक्त बुधवारी फेडरेशनची चौकशी आहे, तिथे मार्शलला परवानगी दिल्याचं ऐकलं नाही म्हणा.

"आणि ती दुसरी लाइन?"

"ती राहील."

१५ फेब्रुवारी

खोटं कशाला लिहू. खुर्ची हवीशी वाटली. सकाळभर वाटत होती.

१६ फेब्रुवारी

आईला सगळं सांगितलं. तिला शर्यतीतलं काही कळत नाही, गाड्या एकाच जागी गोल का फिरतात हेच तिला अजून पटलेलं नाही. तांदूळ निवडत ऐकत होती. शेवटी एवढंच विचारलं, "तू आपल्या कानान आयकलंस मां?"

"हो."

"मगे तसाच सांग."

१८ फेब्रुवारी

चौकशी झाली.

मी सांगितलं. जे ऐकलं ते, शब्दाला शब्द. दुसऱ्या लाइनीचंही सांगितलं. समिती तिघांची, मधे सीमा मॅडम. त्या मान खाली घालून ऐकत होत्या.

कंट्रोल रूमचं रेकॉर्डिंग मागवा म्हटलं. तेवढा भाग नोंदलाच गेला नाही म्हणे. तांत्रिक अडचण. वॉकीटॉकीवर ऐकणाऱ्या बाकी मार्शलांना बोलावलंच नव्हतं.

मग समितीने सरांना विचारलं. आम्ही समोरासमोर बसलो होतो. मला वाटलं, आता तरी. या माणसाने मला घडवलं. बाबा गेले तेव्हा स्मशानात उभा होता.

"मला नीट आठवत नाही," सर म्हणाले.

निकाल तिथेच. दोष मार्शलचा. माझं म्हणणं "पुराव्याअभावी ग्राह्य नाही".

बाहेर पडताना सर माझ्या बाजूने गेले. थांबले नाहीत. मला वाटलं होतं मी रडेन. रडूही आलं नाही. नुसती बधिर.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. परळभर भगव्या पताका, ढोल. हॉस्पिटलात खिडक्या बंद करून घेतल्या होत्या.

निकाल मीच सांगायला गेले. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. वॉर्डात मंजुळावहिनी, आणि मयूर. हा नायगावचा, बीडीडी चाळीतला, बेस्टमध्ये कंडक्टर. सात नंबरच्या वळणावर झेंडा धरतो. त्या दिवशी दादाला उचलून बाहेर काढलं ते यानेच.

सगळं सांगितलं. दोन लाइनी, शिक्का, सिंगापूर, सगळं. दादा छताकडे बघत ऐकत होता. म्हणाला, "मना जा बोलले. मी गेलो. माझं काय चुकलं त्यान?"

"काही नाही दादा."

"मंग कागदावर माझा नाव कशाला?"

वहिनींनी त्याच्या पायावरची चादर सारखी केली. जो पाय आहे त्याच्यावरची.

मयूर मला जिन्यापर्यंत सोडायला आला. "मॅडम, एक विचारू? म्हणजे आपण पोस्टवरून कितीपण बोंबललो, तर आपलं ऐकणारं वर कोणीच नाय?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, "नाही."

त्याने मान हलवली आणि वॉर्डात परत गेला.

२१ फेब्रुवारी

उद्या मुंबईची दुसरी फेरी. नवा डायरेक्टर बाहेरदेशातून आलाय, कानात यंत्र घालूनच विमानातून उतरला असेल. मला काचेच्या खोलीतून काढलं. मार्शलांच्या हजेरीच्या टेबलावर बसायचं.

शर्यत संपली की राजीनामा देणार. माझ्याने काही झालं नाही. दादाचं नाव कागदावर तसंच राहणार.

२२ फेब्रुवारी, रविवार

हजेरीला कोणीच आलं नाही.

एकही मार्शल नाही. सगळी वळणं रिकामी. झेंडे गुंडाळलेले, पेट्यांत तसेच. फोन लावले, सगळ्यांचे बंद. मग कोणीतरी धावत येऊन सांगितलं — ते सगळे परळला आहेत, हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर, मार्शलचा नारिंगी ड्रेस घालून, फुटपाथवर बसलेत. घोषणा नाहीत, काही नाही. मंजुळावहिनी त्यांना चहा देताहेत.

वळणावर माणूस नसेल तर गाडी सुटत नाही. हा नियम सिंगापूरलाही मोडता येत नाही, विमाच मिळत नाही. स्टँड भरलेले, टीव्ही चालू, ड्रायव्हर हेल्मेट काढून उभे.

निमेश माझ्या टेबलापाशी आला. घामाने शर्ट चिकटलेला. "यांचा मुख्य कोण? मी कुणाशी बोलू?"

म्हटलं, "मला ठाऊक नाही."

खरंच ठाऊक नाही.

शर्यत झाली नाही.