हरणाबाईचं शहाळं

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥
सांगली, ९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास उत्कर्षाचा नमस्कार. साष्टांग घालायला मन होत नाही, म्हणून नुसताच.

वि. वि. तुमचा नंबर मी माझ्या आणि आईच्या मोबाइलमधून बंद करून टाकला आहे. बोलले तर तोंडातून काय निघेल याचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र.

आप्पा वाचले. तुमच्या कृपेनं नव्हे. त्या रविवारी तुम्ही शहाळी घेऊन आलात, आपल्या हातानं फोडून त्यांना पाजलीत आणि संध्याकाळच्या एसटीनं दिघंचीला निघून गेलात. पहाटे त्यांचे हातपाय लुळे पडले, छातीचे ठोके बुडायला लागले. शहाळ्यातलं पोटॅशियम बिघडलेल्या किडनीला बाहेर टाकता येत नाही, ते रक्तात साठतं आणि काळीज बंद पाडतं. पुन्हा असं झालं तर माणूस मागं आणता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. वैऱ्यानं केलं नसतं ते सख्ख्या बहिणीनं केलं.

डायलिसिस केंद्रातल्या प्रांजल सिस्टरनी आता दर शनिवारी नातेवाइकांचा वर्ग सुरू केला आहे. पेशंट आत मशीनवर असतात तेव्हा आम्ही व्हरांड्यात बसतो. पाणी किती प्यायचं, भाजी उकळून वरचं पाणी कसं टाकायचं, हे त्या शिकवतात. काल त्यांनी मला अनुभव सांगायला उभं केलं. मी तुमच्या नावागावासकट सगळं सांगितलं. लगेच एकजण म्हणाला, हरणाबाई होऊ नका रं, आणि सगळे हसले. आता मी दर शनिवारी सांगणार आहे. जिल्हाभर तुमचं नाव करून ठेवते. आप्पांना मात्र तोंड दाखवायचं नाही, माझी शपथ आहे.

कळावे. लोभ असावा, असं या खेपेला लिहीत नाही.

उत्कर्षा

दिघंची, २४ फेब्रुवारी

चि. उत्कर्षास आत्याचे आशीर्वाद. शिव्याच देणार होते, पण पत्राच्या पहिल्या ओळीत त्या बऱ्या दिसत नाहीत.

तुझ्या पत्राआधी तुझी करणी इथं पोचली. आमच्या गावचा जोतीराम त्याच्या भावाला घेऊन तुमच्या त्या केंद्रात येतो. त्यानं आठवडे बाजारात, भरल्या बायकांत मला विचारलं, "आवं हरणाबाई, औंदा शहाळ्याचा धंदा बरा चाललाय न्हवं?" मेंढरांवर आलेला लांडगा मी एकटीनं काठीनं परतवलाय. त्या दिवशी मात्र मान खाली घालून घरी आले.

म्हणून परवा शनिवारी मी तुमच्या वर्गाला आले होते. तोंडावर पदर ओढून मागं बसले. तू छान सांगतेस. पण गोष्ट अर्धीच सांगितलीस. नानाला, तुझ्या आप्पाला, काय झालंय, असं मी फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही मायलेकींनी मला कावीळ सांगितली. साऱ्या भावकीला कावीळच सांगितली, कारण विट्याच्या लालासाहेबांच्या अमृतशी तुझी सोयरीक चालली होती आणि किडनीचं दुखणं कळलं असतं तर ते मागं सरले असते. कावीळ झालेल्या भावाला बहीण शहाळं नेणार नाही तर काय नेणार?

लालासाहेब त्या रविवारी तुमच्या घरीच बसले होते. नाना पेला हातात धरून तुझ्याकडं बघत होता. शहाळं बंद आहे हे त्याला ठाऊक होतं आणि तुलाही. तू म्हणालीस, "घ्या की आप्पा, आत्यानं एवढ्या लांबनं आणलंय." पाहुण्यांपुढं नको म्हणाला असता, तर तुमची कावीळ उघडी पडली असती. माझा भाऊ तुझ्या लग्नापायी ते प्याला.

शनिवारी तो आत होता. मी डोकावलेसुद्धा नाही, कारण तू शपथ घातली होतीस. येताना विट्याला उतरले आणि लालासाहेबांच्या उंबऱ्यावर उभी राहून सगळं सांगून आले. तू माझं नाव चव्हाट्यावर मांडलंस, मी तुझी कावीळ मांडली. फिट्टंफाट झाली.

लोभ ठेव, नाहीतर ठेवू नकोस.

हरणाबाई

सांगली, ५ मार्च

आत्यास,

लालासाहेबांचा निरोप आला. पत्रिका जुळत नाही म्हणे. सहा महिने जुळत होती. अमृत फोन उचलत नाही. भावाच्या पोरीचं जमलेलं मोडून तुम्हाला झोप कशी लागते? मनात येतं, दिघंचीला यावं आणि तुमच्या कडब्याच्या गंजीला काडी लावावी.

उत्कर्षा

दिघंची, १२ मार्च

चि. उत्कर्षास आशीर्वाद.

गंजी परड्यात आहे, काडीपेटी चुलीजवळ. ये आणि लाव. झोप मलाही लागत नाही, पण ती तुझ्या सोयरिकीपायी नव्हे. नानाला भूक लागली की काय देतेस? तहान लागली की तो काय करतो? एवढं लिही आणि मग जन्मभर अबोला धर. माझी हरकत नाही.

हरणाबाई

सांगली, २४ मार्च

ती. आत्यास नमस्कार.

आता लपवायला घरात काही उरलेलं नाही. परवा एक पाहुणे कलिंगड घेऊन आले, तर आप्पाच त्यांना म्हणाले, "पावनं, मला किडनीचा आजार हाय. ह्यातलं कायबी चालत न्हाई. तुमी खावा, मी बगतो." इतकं मोकळं बोलताना मी त्यांना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. तहान लागली की ते चूळ भरतात आणि घोटभर मोजून पितात.

शनिवारी वर्गात मी सगळी गोष्ट सांगितली, पेला मीच पुढं केला होता तेही. कुणी हसलं नाही. मग प्रांजल सिस्टरनी विचारलं, गावाकडं खरा आजार कुणीकुणी सांगितला आहे. निम्मी माणसं खाली बघत बसली. एकानं मूळव्याध सांगितली होती, एकानं मणका. तुमचा जोतीराम म्हणाला, ह्यांना समजवायला हरणाबाईच पाहिजेत.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. अमृत मला आवडला होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, तर आता ऐका. तुमच्या नावानं बोटं मोडल्याशिवाय माझा दिवस जात नाही. म्हणून शिक्षा ठरवली आहे. दर शनिवारी पहिल्या एसटीनं सांगलीला यायचं. व्हरांड्यात उभं राहून आपल्या तोंडानं सांगायचं की ती हरणाबाई मीच, आणि मला कुणी खरं का सांगितलं नाही तेही विचारायचं. पाऊस असो, बाजार असो, सुटका नाही. येताना हात रिकामे पाहिजेत. भावाकडं रिकाम्या हातानं जायची लाज वाटली, तर तीही शिक्षेतच धरा.

वर्ग संपतो तेव्हा आप्पा मशीनवरून उतरतात आणि त्यांच्या पायात बळ नसतं. त्यांना कवळ्यात धरून रिक्षापर्यंत न्यायचं कामही तुमचंच. फार हलके झालेत. तुम्हाला जड जाणार नाहीत.

उत्कर्षा