छातीतला डाग आणि विहिरीकडचा बांध

मु. पो. अंथुर्णे, ता. इंदापूर

तीर्थरूप आबासाहेब यांस, धाकटा चुलतभाऊ गेणबाचा दंडवत. इकडं आम्ही सगळे धडधाकट आहोत (मी तर फारच, आणि भानगड तिथंच झाली). काटेवाडीला वहिनींचा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? तुम्ही जमीन मोजणीचा अर्ज दिलाय आणि गुरुवारी मोजणीदार येणार, हे कळलं. दसऱ्याला मी फोनवर रडत रडत कबूल केलं, की विहिरीकडचा आपला सामाईक बांध मी वीस वर्षं दरसाल नांगराच्या एकेका तासानं, वीत वीत करत, तुमच्या रानात सरकवत नेला. ते बोलणं कसं झालं एवढं ऐकून घ्या, मग अर्जाचं काय ते ठरवा.

आमच्या सूनबाईनं, डॉक्टर स्वरूपानं, बारामतीत एक्स-रेचं सेंटर टाकलंय हे तुम्ही जाणताच (उद्घाटनाला तुम्ही दोन पंगतींना बसलात). तिथं फोटो बघायला तिनं नवा मॉनिटर आणला. दिसायला टीव्हीच, पण उभा, आणि रंग म्हणून औषधाला नाही. मी म्हटलं, दुकानदारानं फसवलं पोरीला. तर म्हणाली, आप्पा, साध्या पडद्यावर न दिसणारी केसाएवढी चीरसुद्धा यावर दिसते. खोलीत अंधार ठेवायचा, पडद्याला बोट लावायचं नाही, आणि ठरल्या दिवशी त्याचीच तपासणी करायची. (मला साठ वर्षांत कुणी एकदाही तपासलं नव्हतं.)

दसऱ्याला आपण ट्रॅक्टर, फवारणी पंप, कडबाकुट्टी सगळं पूजतो, तशी सेंटरवरही पूजा ठेवली. मी बाहेर दाराला झेंडूचं तोरण बांधत होतो, आत आमच्या धोंडाबाईचं पूजेचं काय चाललंय मला ठाऊक नाही. तोरण झालं तशी सूनबाई म्हणाली, तुमचा खोकला महिनाभर हटत नाही, आज छातीचा फोटो काढूनच टाकू. तिच्याकडं कामाला असलेल्या विशालनं तो काढला, मॉनिटरवर लावला आणि कुणी हाक मारली म्हणून बाहेर गेला. अंधारात मी एकटा, समोर माझी छाती. आणि आबासाहेब, फुफ्फुसाच्या मधोमध बोराएवढा काळा डाग. म्हटलं, संपलं आपलं.

सेंटरच्या मागं जाऊन पहिला फोन तुम्हाला लावला. घरच्यांना नाही, तुम्हाला, हे विसरू नका. तुम्हीही रडलात. ‘जाऊ दे गेणबा, बांध काय कुणी वर घेऊन जातंय व्हय,’ असं म्हणालात (आणि कचेरी उघडल्याबरोबर अर्ज घेऊन पहिला नंबर तुमचा).

परत आत आलो तर सूनबाई फोटो बघत होती. तिनं फोटो बाजूला सरकवला. फुफ्फुस सरकलं, डाग जागेवरच. फोटो मोठा केला, डाग तेवढाच. मग दिवा लावला तर डाग लालभडक. तिनं माझ्याकडं बघितलं, मी धोंडाबाईकडं. आमचं कुटुंब शांतपणं म्हणालं, ‘नव्या यंत्राची पूजा करायची आन् कपाळ मोकळं ठेवायचं व्हय? चांगलं वलं कुंकू लावलंय, निघायचं न्हाय.’ सूनबाई दुपारपर्यंत खास कापडानं पडदा पुसत बसली. माझा खोकला उसाचं पाचट जाळल्याच्या धुराचा निघाला.

मरणाऱ्या माणसाचं बोलणं खरं धरतात हे मला मान्य आहे, पण त्यासाठी तो माणूस मरावा लागतो. मी मेलेलो नाही, तेव्हा ते बोलणं लागू होत नाही. चेष्टा सोडा, पण बांधापायी तुम्ही माझं तोंड बघायचं टाकलंत तर मला फार वाईट वाटेल. तुमच्याशिवाय मला भाऊ आहे कोण? तुमच्या नातीला, छकुलीला, गोड पापा.

आपला, अजून बरीच वर्षं टिकणारा,
गेणबा

ता. क. : अर्ज मागं घ्या आणि गुरुवारी वहिनींना घेऊन जेवायलाच या.

आणखी एक : मोजणीदाराला आणणारच असाल तर विहिरीवरूनच माघारी न्या. ओढ्याकडच्या बांधावर त्याला फिरकू देऊ नका. त्या बांधाचं सांगायच्या आत फोनची रेंज गेली होती.