बिनचूक आवाज

४ मार्च
पोहोचले. खोली अपेक्षेपेक्षा चांगली निघाली: चर्चच्या मागच्या घराचा वरचा मजला, दोन खिडक्या, आणि टेबल डुगडुगत नाही. एवढ्याशा मुलीने एवढं जड टेपचं यंत्र एकटीने कसं आणलं, असं पाळकीणबाईंनी जिन्यातच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्याची दुसरी बाजू धरली. काम सरळ आहे. त्यांचे सासरे, थोरले पाळक, मनाने पिडलेल्या लोकांबरोबर प्रार्थनेला बसत आणि त्या बैठका टेपवर घेत. चौसष्ट रिळं. ती संगणकावर उतरवायची, खरखर काढायची, शब्द न् शब्द लिहून काढायचा. ज्या कामाचा शेवट मोजता येतो ते मला आवडतं.

थोरले आता ठार बहिरे आहेत. जेवताना पाळकीणबाई म्हणाल्या की या घरात सासुरवास सासऱ्यांनाच आहे, दिवसभर सुनेचं ओरडणं ऐकावं लागतं, आणि तेही ऐकू येत नाही. मी खूप दिवसांनी हसले.

रविवारी उपासनेला येणार का, असं त्यांनी विचारलं. काम आहे म्हणाले. आठ महिने झाले, मी गेलेले नाही. ठमी, माझी धाकटी बहीण, दम्याने गेली तेव्हापासून. त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

७ मार्च
रोज तीन रिळं होतात. हे लोक याला लढाई म्हणतात: मनात एक दोष देणारा असतो आणि प्रभूच्या आधाराने त्याच्यापुढे उभं राहायचं असतं. मला आरडाओरडा अपेक्षित होता. प्रत्यक्षात बराच वेळ शांतता आहे. एक बेकरीवाला आहे, आजारी बायकोला एकटं ठेवून त्याने दुकान उघडलं होतं. एक शिक्षिका आहे, तिने वडिलांशी शेवटपर्यंत अबोला धरला.

शांततेच्या जागी एक तिसरा, अगदी पुसट आवाज येतो. गुंडाळलेल्या टेपचा एक थर शेजारच्या थरावर उमटतो, त्याने असं होतं. तशी नोंद केली.

११ मार्च
नोंद चुकली. थर उमटला तर तेच शब्द पुन्हा यायला हवेत. इथे शब्द वेगळे आहेत.

आवाज वाढवून ऐकलं. तो आलेल्या माणसाशी बोलतो. बेकरीवाल्याला म्हणतो, तू तिला दोन दिवस एकटं टाकलंस. बेकरीवाला म्हणतो, दोन नाही, एकच दिवस. मग रडतो. शिक्षिकेचंही तेच. अकरा रिळांवर एकच रीत: तो दोष देतो, त्यात एक बारीक चूक असते, आणि माणूस ती सुधारतो. दर वेळी थोरले पाळक मध्येच म्हणतात, त्याला उत्तर देऊ नका.

१३ मार्च
रीळ २३. दुपारी सव्वातीन. घडलं तसं लिहिते.

शांतता आली आणि तो म्हणाला, ठमीचे दोन फोन आले, तू सहा वाजता घरी होतीस.

मी म्हणाले, तीन. पावणेसात. लॅबमध्ये.

हे रीळ सव्वीस वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा ठमी जन्मलीही नव्हती. मागे नेऊन पुन्हा लावलं. नुसती खरखर.

१४ मार्च
रीळ २४. आज तो म्हणाला, तीन फोन, पावणेसात, लॅब. पुढे नवीन: तू ते नुसते वाजू दिलेस.

वाजू दिले नाहीत. कापले. मोजमाप चालू होतं, फोनच्या थरथरीने आकडे बिघडले असते. हेही मोठ्याने सांगितलं. चूक दिसली की मला राहवत नाही. ठमी मला खोडरबर म्हणायची.

१७ मार्च
आता यंत्र बंद असतानाही. बेसिनपाशी उभी होते, हातात ताट. तो म्हणाला, तिचा इन्हेलर संपलाय हे तुला ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं. तिने सकाळीच सांगितलं होतं. नवा मी घेतलाही होता, माझ्याच पिशवीत होता. हे मी आईला सांगितलेलं नाही. याला सांगितलं.

पाळकीणबाईंनी डोळे का लाल म्हणून विचारलं. टेपची धूळ, म्हणाले.

१९ मार्च
थोरल्यांना कागदावर लिहून विचारलं, टेपवर तिसरं कोण आहे.

मी उत्तर दिलं का, एवढंच त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. ते रागावले नाहीत. म्हणाले, त्याला काही ठाऊक नसतं, आपणच एकेक पुरवतो. वाद घालायचा नाही. खरं असेल तर खोटंही म्हणायचं नाही. सगळे त्याच्याशी पहिलं अर्धं वाक्य बोलतात, त्याला दुसरं अर्धं सोसत नाही. मग सावकाश ते वाक्य सांगितलं: "हो, हे माझ्या हातून झालं. आणि मला क्षमा झाली आहे." दोन्ही अर्धी, माणसासमोर, मोठ्याने.

बेकरीवाल्याचं काय झालं, असं मी लिहिलं. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. म्हणाले, तो दुसऱ्या अर्ध्यापर्यंत पोहोचलाच नाही.

२० मार्च
आज त्याने सगळं सलग सांगितलं. तीन फोन, पावणेसात, कापले, पिशवी. एकही चूक नाही. सुधारायला काही उरलं नाही.

आणि आवाज — लॅबमध्ये मी आकडे वाचते तसा. माझा.

२१ मार्च
खाली गेले नाही. पाळकीणबाई दोनदा दाराशी —

तिसरा फोन कापण्याआधी किती वेळ वाजला ते सांगतोय. बरोबर आहे.

शेवटी तिला काय वाटलं असेल, ते सांगतोय. हे मला तपासता येत नाही. तरी बरोबर —

२२ मार्च
पाळकीणबाई दाराबाहेर जमिनीवर बसल्या आहेत. म्हणतात, "बाळा, दार नको उघडूस हवं तर. नुसतं बोल. मी कुठे जात नाही."

आधी लिहून बघते. मग वाचेन.

हो. ठमीचे फोन मी कापले. औषध माझ्याजवळ होतं. ती एकटी होती.

आणि मला

तो गप्प झालाय. पहिल्यांदाच. ऐकतोय.

आणि मला क्ष—