तीन मोटरींवर

२९ नोव्हें. २०१५, रविवार
नेरे गावातल्या लग्नाची हळद. आमच्या स्टुडिओची सीझनची पहिली ऑर्डर, आणि ड्रोन पडला. नाचणाऱ्यांच्या डोक्यावरून नेत होते. एकदम एका बाजूला कलला, भोवऱ्यासारखा गरगरला आणि खाली. रिमोटवर सगळं करून पाहिलं. चारांतली एक मोटर बंद पडली की उरलेल्या तीन त्याला सावरत नाहीत. नवरदेवाच्या मामाच्या खांद्याला पातं लागलं, टाके पडले. मामी माझ्या अंगावर धावली, "बाईच्या हातान् रिमोट दिलाच कोनी?" माझा नवरा प्रशांत शेजारीच, कॅमेरा घेऊन. लेन्स पुसत राहिला. मामांचं वाईट वाटतंय. प्रशांतची मात्र चीड येतेय.

३० नोव्हें.
सासूबाई सकाळपासून सुरू. "मी सांगत व्हते, सचिनला दे. माजा कोन आयकतंय? आता घे, गावान् तोंड काला झाला." सचिन म्हणजे माझा दीर. ड्रोन आणला तेव्हा हात लावायला घाबरत होता. भर उन्हात मैदानात उभी राहून शिकले ती मी. आता हा मेला आईच्या मागे उभा राहून मान डोलावतो.

१ डिसें.
मोटर उघडली. जळलेली नाही. आत काळा दोरा गच्च गुंडाळलेला! दुसरं टोक अजून ड्रोनच्या दांडीला बांधलेलं. ती गाठ ओळखते मी. माझ्या मनगटाला सासूबाईंनी तशीच मारली होती, नजर लागू नये म्हणून. रविवारी निघताना नारळ ओवाळला, तेव्हाच बांधला असणार. टोक लोंबत ठेवून.
प्रशांतला दाखवला. म्हणाला, "आईला नको सांगू, मनाला लावून घेईल." आणि दोरा कचऱ्यात. आईला मन आहे. मी काय दगड आहे?

३ डिसें.
नवी मोटर बसवली. मीच, अर्थात. जेवताना प्रशांत ताटाकडे बघत म्हणाला, "रविवारी उलव्याच्या हळदीला सचिन उडवेल." मी उठले. ताट तसंच ठेवून.

६ डिसें., सकाळी
ड्रोन देवापुढे. सासूबाईंनी कुंकू लावलं, नारळ ओवाळला, मग कमरेला खोचलेला काळा दोरा काढला. या वेळी चारी दांड्यांना बांधला. "आता काय नाय व्हनार." टोकं लांब, लोंबती. सचिन हात जोडून उभा. प्रशांतने दोऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गाडीची किल्ली शोधायला लागला. खिशातच होती.
मी चहा गाळत राहिले. बोलले तर माझं कोण ऐकणार? नाही बोलले तर सचिन सगळ्यांसमोर तोंडावर आपटेल. आपटू दे, असं खरंच वाटलं. पण खाली पोरंबाळं नाचत असतील.
हॉर्न वाजतोय. मलाही नेताहेत, बॅटऱ्या सांभाळायला. पर्समध्ये कात्री टाकली आहे. अजून ठरवलेलं नाही.